पाय टेकणार नाहीत असं पाणी

वॉटर पार्कचा व्हिडिओ मी घरात पहिल्यांदा दाखवला तेव्हा सगळ्यांनी एकच चौकशी केली, पाणी किती खोल आहे.

एप्रिलचे दिवस होते. संध्याकाळची वेळ. ओटीवर मी फोन तांब्याला टेकवून उभा केला होता आणि त्याच्यासमोर बाबा, आई आणि शेजारच्या घरातली काकू अशी तिघं बसली होती. आटगावच्या पुढे महामार्गाला लागून हे नवं वॉटर पार्क झालं होतं. शहापूरच्या ज्या ऑफिसात मला नोकरी लागून वर्ष होत आलं होतं, तिथल्या दोघी जाऊन आल्या होत्या. व्हिडिओत निळंशार पाणी, पिवळ्या घसरगुंड्या, मधे फायबरचे माड आणि माडांवर फायबरचे पोपट.

"पोरं बुडत नाय ना?" काकूनं विचारलं.

"कमरेइतकं असंल," बाबा स्वतःच बोलले. "जास्ती ठेवत नाय ते."

आई सगळ्यांच्या मागे बसली होती. ती जरा पुढं सरकली आणि हळू आवाजात मला म्हणाली, "पाय टेकत नाय, असं हाय का कुठं?"

मला वाटलं ती घाबरली. मी तिची समजूत काढली, "नाही गं, सगळीकडं टेकतात."

"मग कशाला जायाचं," ती बोलली आणि भांडी घासायला उठून गेली.

ती भिऊन विचारत नव्हती हे मला तेव्हा कळलं. तिच्या मागोमाग मी मोरीपाशी गेले, तर राखेनं तवा घासता घासता तिनं सांगितलं. तिचं माहेर वैशाखऱ्याच्या अलीकडं, माळशेज घाटाच्या पायथ्याचं. तिथं काळू नदीला एक डोह आहे. उन्हाळ्यात बाकी नदीचे नुसते गोटे उरतात, पण डोहाचं पाणी हटत नाही. कपडे धुऊन झाले की गावच्या पोरी त्यात उतरायच्या. हंडा पालथा घालून त्याला धरून पोहायला शिकायच्या, मग एक दिवस कुणीतरी हंडा ओढून घ्यायचं. आई या काठावरून त्या काठावर जाऊन परत यायची, ते सुद्धा परकर नेसून.

मग लग्न झालं आणि ती इकडं शेणव्याजवळ आली. इथं विहीर होती, पुढं बोअरिंग आलं, नंतर नळ आला. पाणी तिनं डोक्यावरून वाहिलं. लावणीच्या वेळी पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहिली. पण अंगाखाली पाणी घेतलं नाही, ते लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यापासून.

मी परत फोन काढला, पार्कचं सगळं पान नीट वाचलं आणि तिला दाखवलं. लाटांचा एक तलाव होता. तो एका बाजूनं उथळ सुरू होऊन पलीकडच्या टोकाला पाच फूट होत होता. आईची उंची त्याहून कमीच आहे.

तिनं ओल्या हातानं पडद्यावर बोट ठेवलं. "हे इथं?"

"इथं."

"मग मी येन."

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्यामुळं घरातलं कुठलंही ठरवण्याचं काम असलं की ते माझ्याकडं येतं आणि मीही ते परीक्षेच्या तयारीसारखं करते. तारीख काढणं हेच मोठं काम होतं. मे महिन्यात आमच्याकडं एक दिवस हळद आणि एक दिवस लग्न. ज्या दिवशी यातलं काही नसतं त्या दिवशी साखरपुडा असतो. रविवारी पार्कात गर्दी. सोमवारी बाबांची सुट्टी नाही. एका बुधवारी सगळं जुळत होतं, तर काकूच्या भाच्याची हळद निघाली. शेवटी बाबांनी त्यांच्या ओळखीच्या जीपवाल्यालाच विचारलं की तुला कुठल्या दिवशी वऱ्हाड नाही. त्यानं जो गुरुवार सांगितला तो आम्ही धरला.

आणि तारीख धरली तशी मी पहिली शेजारच्या घरी गेले, मोठ्या काकांना सांगायला.

हे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमची दोन्ही घरं एका भिंतीला लागून आहेत. मी हायस्कूलला जायला लागले तेव्हा पहिलं सगळं वर्ष त्यांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून फाट्यापर्यंत सोडलं, कारण एसटी तिथूनच मिळायची. दहावीनंतर माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. पाहुणे ओटीवर बसले होते, बाबा काही बोलायच्या आत काका म्हणाले, "पोरगी शिकते हाय. चहा घ्या." पाहुण्यांनी चहा घेतला आणि गेले. पदवीचा निकाल लागला तेव्हा गावात पेढे वाटायला बाबांच्या आधी काका निघाले होते. म्हणून आमच्या घरात काही चांगलं व्हायचं असलं की ते आधी त्यांच्या दारात सांगायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

"फायबरचे माड?" काकांनी व्हिडिओ बघून विचारलं. "खरे लावाय काय झालेलं?"

पण ते लगेच तयार झाले. असं काही त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

काका आले म्हणजे अडचण आली, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आमच्याकडं सून मोठ्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. आई काकांना दादा म्हणते, तेही भिंतीकडं बघून. त्यांना काही सांगायचं असलं तर ती मला सांगते आणि मी तिथंच उभी राहून त्यांना तेच परत सांगते. ते दोघं एकमेकांचं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे माझं ऐकून घेतात. काका आमच्या घरात यायच्या आधी अंगणातूनच खाकरतात. त्यांचं खाकरणं पार वेशीपर्यंत ओळखू येतं. ते ऐकलं की आई हातातलं काम टाकून आधी पदर घेते आणि मगच काका उंबऱ्यात दिसतात.

माझ्यासाठी हे सगळं पंख्याच्या आवाजासारखं होतं. रोजचंच, म्हणून ऐकू न येणारं.

आठवडाभर आधी मी पार्कचे नियम घरात वाचून दाखवले. बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही. यावर काकूनं जाहीर केलं की भाकऱ्या आणि सुकट जीपमध्ये ठेवायची आणि दुपारी बाहेर येऊन खायची, यात विचारायचं काय. दुसरा नियम होता, पाण्यात नायलॉनचेच कपडे हवेत.

आई उठली. आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती एक मोरपंखी साडी घेऊन. तिच्या मामानं लग्नात दिलेली.

"नायलॉनचीच हाय," ती म्हणाली. "पाण्यात टाकली न झटकली की वाळली."

मी साडी हातात घेऊन बघितली. खरंच नायलॉनची होती. नियमात बसत होती. तरीही खात्री करावी म्हणून मी पार्कच्या ऑफिसला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"साडी नॉट अलाउड, मॅम," पलीकडची मुलगी म्हणाली.

"पण नायलॉनची आहे."

"नायलॉनची साडी पण साडीच ना, मॅम."

फोन ठेवल्यावर आई साडीची घडी घालत बोलली, "मग नायलॉन कशाला लिवतात? कमी कापड लिवायचं सरळ."

मी शहापूरच्या बाजारात जाऊन तिच्यासाठी पोशाख आणला. पायघोळ तंग विजार, वर गुडघ्यापर्यंतचा झगा, पूर्ण बाह्या. दुकानदारानं दाखवलेल्यांत सगळ्यात जास्त कापडाचा तोच होता. घरी येऊन दार लावलं आणि आईनं तो घातला. आरशात बघून ती आधी स्वतःच हसली.

"शाळेतल्या पीटीच्या बाई वाटतेस," मी म्हणाले.

"शिटी दे मग," ती म्हणाली आणि खोलीच्या मधोमध उभी राहून दोन्ही हातांनी पाणी कापल्यासारखं केलं. एकदा, दोनदा. खांद्यापासून हात असे सुटले की मी बघतच राहिले. हे तिच्या अंगात होतं आणि मला माहीत नव्हतं.

मग ती थांबली. "दादा येतायत ना?"

मी मान डोलावली.

"मी नाय उतरत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. "कुणीतरी पिशव्यांजवळ पायजेच. मी बसन."

तिनं पोशाख काढून घडी घातली आणि मोरपंखी साडीच्या खाली ठेवून दिला.

आता मी अडकले. काकांना येऊ नका म्हणणं मला या जन्मात जमलं नसतं. आणि आईला काठावर बसवून आम्ही पाण्यात खेळायचं, हेही जमणार नव्हतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "दोन दिशी जाऊ. एकदा बाया, एकदा बापे." जीपवाल्याचा एकच गुरुवार मोकळा आहे याची मी आठवण करून दिली, तेव्हा ते पेपर वाचायला लागले. काकू म्हणाली, "त्यांना मी घरी बसवते, त्यात काय. गाय व्यायला झाली सांगते." गाय व्यायला अजून दोन महिने होते आणि ते काकांनाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं.

"तू काय घालणार?" मी काकूला विचारलं.

"ते बोलतील ते. माझा नवराच हाय तो, मला कसली लाज. आन तुझा बाप माझा लहान दीर. त्याचं नाक मी पुसलंय."

दोनच दिवस राहिले होते तेव्हा काकांनी मला परसात बोलावलं. ते कुंपणाच्या काट्या बांधत होते. मला समोर उभं करून ते बराच वेळ सुतळीची गाठच मारत राहिले.

"बाय, तिथं म्हणे चड्डी घालाय लागते."

"हो काका. नायलॉनची."

"गुडघ्याच्या वर?"

"गुडघ्यापर्यंत असते."

"आन वर काय नाय?"

"बनियन चालतो, नायलॉनचा असला तर."

त्यांनी सुतळी दातानं तोडली. "तुझी आय असंल तिथं."

"पण काका, लावणीला तुम्ही सगळे एकाच खाचरात असता की."

"लावणीला गुडघ्यापर्यंत चिखल असतो. पाय दिसतात कुठं?" ते म्हणाले. "मी गाडीत बसन. भाकऱ्या सांभाळीन. कावळं असतात तिथं."

मला हसू आलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. एका पिशवीला दोन राखणदार झाले होते आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. इतकी वर्षं मी या दोघांचे निरोप इकडून तिकडं पोचवत होते. हाही एक पोचवावा असं मला वाटलं. मी काकांना सगळं सांगितलं. आईचा डोह, हंडा, मोरपंखी साडी, आणि तिनं घडी घालून ठेवून दिलेला पोशाख.

काका काट्यांकडं बघत ऐकत होते. आई पोहते हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"म्हणजे ती माझ्यापायी कोरडी राहणार," ते म्हणाले.

"आणि तुम्ही तिच्यापायी."

ते हसले नाहीत. हिशेब करावा तसा विचार करत राहिले. मग म्हणाले, "पयलं आमी नदीवर जायाचो तवा बायांचा पाणवठा मधे लागायचा. काय करायचो आमी? लांबून खाकरायचो. बाया सावरून बसायच्या, आमी खाली बघून निघून जायाचो. कुणाचं काय अडलं नाय कदी. तिला सांग, मी तिथंबी खाकरीन. जिथनं निघन तिथनं खाकरीन. तेवढ्यात तिनं बाजूला व्हायाचं."

मी भिंतीच्या या बाजूला येऊन निरोप सांगितला. आई तांदूळ निवडत होती. तिनं दोन प्रश्न विचारले. एक, दादा कुठून कुठं जाणार हे आधी कळेल का. दुसरा, तिथं गाणी तर लावत नाहीत ना.

"थोडी लावतात," मी म्हणाले.

"दादांचं खाकरणं ऐकू येईल," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पोशाख पेटीतून बाहेर आला.

गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा गाणी थोडी नव्हती. फाटकापासूनच छातीत धडधड व्हावी एवढा आवाज होता. रखवालदारानं पिशव्या तपासल्या. भाकऱ्या आधीच जीपमध्ये होत्या, तरी काकूनं त्याला "हुंगून बघ रे" असं सुनावलं. बायकांची खोली एकीकडं आणि पुरुषांची दुसरीकडं. आईनं साडीवरून हात फिरवून ती पिशवीत ठेवली आणि माझा दंड धरून बाहेर आली. आधी तिनं चारी बाजूंना बघितलं. काका आणि बाबा कुठंच नव्हते. ठरल्याप्रमाणे बाबा त्यांना घेऊन माडांच्या पलीकडं, संथ वाहत्या पाण्याच्या पाटाकडं गेले होते. तिथं रबरी ट्यूबमध्ये बसून नुसतं वाहत जायचं असतं. काकू तर केव्हाच पिवळ्या घसरगुंडीच्या जिन्यावर होती.

आई लाटांच्या तलावात शिरली ती माझा हात धरून. घोटे, गुडघे, कंबर. छातीपर्यंत पाणी आल्यावर तिनं माझा हात सोडला. मी पुढं जाऊ शकत नव्हते, मला पोहता येत नाही. ती आणखी दोन पावलं गेली, मग पावलं टाकायची थांबली आणि तशीच पुढं गेली. शेवटच्या टोकाला एक दोर बांधला होता. तिथं पोचून तिनं मागं वळून बघितलं आणि एक हात वर केला. डोकं पाण्याच्या वर आणि खाली काही नाही, अशी ती उभी होती.

तिथून मग ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात राहिली. पोरं किंचाळत होती, गाणी वाजत होती, भोंगा झाला की लाटा येत होत्या. ती प्रत्येक लाटेवर उचलली जायची आणि पलीकडं उतरायची.

दुपार झाली. काकांना भूक लागली. आम्हाला जेवायला बोलवावं म्हणून ते बाबांना पाटातच सोडून माडांच्या मधून इकडं आले आणि वाट चुकून थेट तलावाच्या उथळ पाण्यात उतरले. निळी चड्डी, पांढरा बनियन. समोर तलाव आहे आणि त्यात आई असणार, हे लक्षात येताच ते जागच्या जागी थांबले, मान खाली घातली आणि खाकरले.

गाण्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मी त्यांच्यापासून दहा हातांवर होते, मलाही फक्त दिसलं. म्हणून ते आणखी जोरात खाकरले. मग सगळा दम लावून, लाल होऊन, वाकून खाकरायला लागले.

काठावरच्या उंच खुर्चीत जीवरक्षक बसला होता. त्याला पाण्यात उभा एक वयस्कर माणूस दिसला, वाकलेला, तोंड लाल, घशात पाणी गेल्यासारखा. त्यानं कर्कश शिट्टी मारली, खाली उडी टाकली आणि मागून काकांच्या बगलेत हात घातले.

आणि त्याच क्षणी दूर टोकाला आई पाण्याखाली गेली. एवढ्या कल्लोळात काकांचं खाकरणं तिला तेवढं ऐकू आलं होतं. तिचा हात सवयीनं डोक्याकडं गेला, पदर सापडला नाही, तेव्हा तिनं पाणीच डोक्यावरून घेतलं.

जीवरक्षकाला आता तिकडं एक बाई दिसेनाशी झालेली दिसली. त्यानं पुन्हा शिट्टी तोंडात धरली. "ती पोहते," मी ओरडून सांगितलं, "ती पोहते, राहू दे." तेवढ्यात आई दोरापलीकडच्या कोपऱ्यात वर आली. पाठ आमच्याकडं, पाणी हनुवटीपर्यंत.

"सोड रे," काका म्हणत होते. "मी बुडत नाय."

"खोकत होतात ना, काका."

"खोकत नाय, खाकरत व्हतो. मी आलोय म्हणून सांगत व्हतो."

"कुणाला?"

भावजयीकडं बोट दाखवणं काकांना शक्य नव्हतं. "घरातल्यांना," ते पुटपुटले.

जीवरक्षकानं त्यांना सोडलं. तो एकदा काकांकडं, एकदा त्या कोपऱ्याकडं बघून पटकन दुसरीकडं वळला. "धाकटी भावजय हाय काय तिथं?" त्यानं खालच्या आवाजात मला विचारलं. तो मुरबाडकडचा निघाला. "आमचा आजापण असाच खाकरायचा. एकदा मांजरासमोर खाकरला, सगळ्या बाया पळाल्या." मग काकांना म्हणाला, "गाण्यात नाय ऐकू जायाचं. तुमाला यायचं झालं की मला हात करा. मी लांब शिटी मारीन. एकच."

काकांनी मान डोलावली. अजूनही ते पाण्याकडंच बघत होते. "तिला सांग, जेवाय चला," ते मला म्हणाले.

मी पाण्यातून शक्य तेवढी पुढं गेले आणि हाक मारून सांगितलं. आईनं मान न वळवता उत्तर दिलं, "दादांना सांग, तुमी जेवून घ्या. मी आता बाहेर नाय येत."

तिनं काकांना असं सरळ नाही म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. मी मागं आले आणि काकांना तेच जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

"राहू दे तिला," ते म्हणाले. "तिची भाकरी वेगळी काढून ठेव. सुकट पण ठेव, नायतर तुझी काकू संपवील." आणि तलावाकडं पाठ करून, आपली चड्डी दोन्ही हातांनी सावरत, ते माडांच्या दिशेनं चालायला लागले.

भोंगा वाजला. उथळ पाण्यातली पोरं ओरडत काठाकडं पळाली. आईनं कोपरा सोडला, दोराखालून निसटून मोकळ्या पाण्यात आली, आणि येणाऱ्या लाटेकडं तोंड करून हात मारायला लागली.